उतरत्या पायरीवरची स्वनातीत हवा: कागद, विंड टनेल आणि संगणक या क्रमाने अभ्यास

एक सपाट पृष्ठ, त्याच्या टोकाला काटकोनात उतरणारी कडा आणि खाली पुन्हा सपाट पृष्ठ. भूमिती एवढीच. पण हवा ध्वनीच्या दुप्पट वेगाने आली की स्वनातीत वायुगतिकीतलं जवळजवळ सगळं या साध्या आकृतीत एकत्र येतं: प्रसरण, शॉक, बाउंडरी लेअरचं (पृष्ठालगतच्या मंदावलेल्या थराचं) सुटणं आणि पुन्हा चिकटणं, शिवाय मागे घोटाळत राहणारी मंद हवा. रॉकेटच्या सपाट तळामागे हेच घडतं. स्क्रॅमजेटच्या (स्वनातीत हवेतच इंधन जाळणाऱ्या इंजिनाच्या) ज्वलनकक्षात ज्योत टिकवायला मुद्दाम ठेवलेल्या पायरीमागेही हेच घडतं.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात किंवा त्यापुढे असलेल्या, दाबनीय प्रवाहाचे मूलभूत धडे झालेल्या वाचकासाठी हा लेख आहे. या विषयाला हात घालणारे बरेच जण थेट सॉफ्टवेअर उघडतात. माझं मत वेगळं आहे. इथला सगळा प्रवाह एका आकड्याला बांधलेला असतो, तो म्हणजे पायरीलगतचा दाब. त्याला इथे तळदाब म्हणू. तो आकडा आधी समजून घ्यावा, मग मोजावा आणि सर्वांत शेवटी संगणकाकडून काढून घ्यावा.

आधी चित्र पक्कं करा

वरच्या पृष्ठावरून येणाऱ्या हवेला कडेनंतर खाली जागा मिळते. स्वनातीत हवा जागा मिळाली की पसरते, वेग घेते आणि तिचा दाब उतरतो. त्यामुळे कडेपासून पंख्याच्या काड्यांसारख्या तरंगांचा झोत निघतो, तो प्रांट्ल-मायर एक्स्पान्शन फॅन. पण हवा पूर्ण नव्वद अंशांत वळून पायरीच्या उभ्या भिंतीला चिकटत नाही. ती काही अंश खाली झुकते आणि तिचा बाउंडरी लेअर कडेवरून सुटून शिअर लेअर, म्हणजे वेगवान आणि मंद हवेमधला थर, बनतो. या थराखाली मंद गतीने फिरणारी हवा अडकून राहते. पुढे शिअर लेअर तळावर, म्हणजे खालच्या सपाट पृष्ठावर, येऊन आदळतो, तळ त्याला आडवं वळायला भाग पाडतो आणि या वळणावर दाबतरंग एकत्र येऊन शॉक तयार होतो.

या सगळ्यात तळदाब कोण ठरवतं? पायरीची कडा नाही, तर पुढची चिकटण्याची जागा. शिअर लेअर मागच्या भोवऱ्यातली हवा सतत ओढून पुढे नेत असतो. चिकटण्याच्या जागेपाशी दाब वाढलेला असतो. थरातल्या ज्या हवेकडे तो चढ ओलांडण्याइतका जोर असतो ती पुढे निघून जाते, बाकीची मागे परतते. समजा तळदाब काही कारणाने घसरला. मग प्रवाह जास्त झुकतो, आदळताना दाबाचा चढ मोठा होतो, जास्त हवा मागे परतते आणि तळदाब पुन्हा वर येतो. तो जास्त चढला तर उलट घडतं. जितकी हवा ओढली जाते तितकीच परत येते, त्या ठिकाणी तराजू स्थिरावतो. १९५०च्या दशकात चॅपमन आणि कोर्स्ट यांनी ज्या विचारावर आपली गणितं उभारली, त्याचा गाभा हाच आहे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हा तराजू आठवावा लागेल.

कागदावरचा हिशोब

येणारी हवा माख २ ची, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाची, घ्या. विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर (गॅमा) १.४. तळदाब येणाऱ्या हवेच्या स्टॅटिक दाबाच्या ०.४ पट आहे असं गृहीत धरा. हा अंदाज आहे, पण प्रक्षुब्ध (टर्ब्युलंट) प्रवाहासाठी वाजवी आहे.

माख २ ला स्टॅटिक दाब एकूण दाबाच्या (हवा नुकसानाविना थांबवली तर होणाऱ्या दाबाच्या) ०.१२७८ पट असतो. त्याच्या ०.४ पट म्हणजे ०.०५११. एवढा दाब उतरवायला हवेला माख २.५९ गाठावा लागतो. प्रांट्ल-मायर कोन (माख १ पासून तिथवर पसरताना हवा जितकी वळते तो) माख २ ला २६.४ अंश आणि माख २.५९ ला ४१.१ अंश. वजाबाकी १४.७ अंश. म्हणजे शिअर लेअर साधारण १४.७ अंशांनी खाली झुकणार.

आता थर सरळ रेषेत खाली जातो असं माना. १४.७ अंशांचा स्पर्शक ०.२६२ आहे, म्हणून तो तळाला पायरीच्या उंचीच्या सुमारे ३.८ पट अंतरावर टेकेल. थराला जाडी असते, तो वाकतोही, त्यामुळे प्रत्यक्षातली जागा थोडी सरकते. तरी तीन-चार पट हा पल्ला ध्यानात ठेवा. कमी वेगाच्या प्रक्षुब्ध प्रवाहात हीच लांबी सहा ते आठ पट असते. स्वनातीत प्रवाहात भोवरा आखूड का, याचं उत्तर त्या झुकाव-कोनात आहे.

पुढे जा. माख २.५९ ची हवा १४.७ अंशांनी परत आडवी वळवणारा तिरका शॉक काढा. प्रवाहाशी त्याचा कोन ३५.६ अंश येतो आणि तळाशी सुमारे २१ अंश. त्याने दाब २.४८ पट वाढतो. ०.४ गुणिले २.४८ म्हणजे ०.९९. प्रवाह जिथून निघाला जवळजवळ त्याच दाबावर परत आला, किंचित कमी, कारण शॉकमध्ये थोडा एकूण दाब खर्ची पडला. पहिल्यांदा हा आकडा जुळला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. म्हणून आग्रहाने सांगतो, हे कोष्टक हाताने करा. फॅनचा पहिला तरंग ३० अंशांवर आणि शेवटचा सुमारे ८ अंशांवर असेल, हेही काढून ठेवा. पुढे छायाचित्रात हेच कोन मोजायचे आहेत.

मग तळदाब ०.३ आणि ०.५ धरून हाच हिशोब पुन्हा करा. तळदाब थोडा हलला की सगळी आकृती किती हलते, ते तिथे दिसतं.

पायरी किती उंच?

इथे घाई केली की पुढचे सहा महिने वाया जातात. विंड टनेलचा छेद १०० मिलीमीटर रुंद आणि ५० मिलीमीटर उंच आहे असं समजा. एकूण दाब ३ बार, एकूण तापमान ३०० केल्विन. माख २ ला हवेचं तापमान १६७ केल्विनपर्यंत उतरतं, वेग सुमारे ५१८ मीटर प्रति सेकंद आणि रेनॉल्ड्स संख्या दर मीटरमागे साधारण ३.७ कोटी.

पायरी मोठी घेतली तर मोजायला जागा मिळते. लहान घेतली तर रुंदी आणि उंचीचं गुणोत्तर सुधारतं, बाजूच्या भिंतींचा त्रास कमी होतो. रुंदी पायरीच्या उंचीच्या निदान दहापट असावी हा कमी वेगाच्या प्रवाहातला जुना दंडक इथेही सुरुवातीला पाळावा. त्यानुसार १० मिलीमीटर येते. चिकटण्याची जागा मग सुमारे ३८ मिलीमीटरवर पडते. ५ मिलीमीटरची पायरी घेतली असती तर सगळा भोवरा १९ मिलीमीटरमध्ये बसला असता आणि त्यात दाबाची छिद्रं ओळीने पाडायला जागाच उरली नसती.

दुसरी अट समोरच्या भिंतीची. कडेपासून निघालेला पहिला तरंग वरच्या भिंतीवर आदळून खाली परत येतो. तो जाताना ३० अंशांवर जातो, येताना झुकलेल्या प्रवाहात सुमारे ३७ अंशांपर्यंत तीव्र होतो. हिशोब केला तर तो छेदाच्या उंचीच्या तिप्पट अंतराआधी तळाशी पोहोचत नाही. ५० मिलीमीटरसाठी हे १५० मिलीमीटर, म्हणजे पायरीच्या पंधरापट. चिकटण्याची जागा त्याच्या बऱ्याच अलीकडे आहे, तेव्हा निर्धास्त राहा. पण त्यापुढच्या मोजमापांवर भरवसा ठेवू नका. पायरीनंतर छेद ५० चा ६० मिलीमीटर होतो, त्यामुळे हे तरंग येऊन मिसळल्यावर सरासरी माख सुमारे २.२ होतो आणि दाब आधीच्या ०.७२ पटीकडे सरकतो. ‘दाब परत एक का होत नाही’ हा प्रश्न पडला की आधी हा आकडा आठवावा.

तिसरी अट बाउंडरी लेअरची, आणि ती सर्वांत मोठी. पायरीच्या आधी २०० मिलीमीटर लांब पृष्ठ असेल तर प्रक्षुब्ध थराची जाडी ढोबळमानाने ३ मिलीमीटर भरते, पायरीच्या जवळजवळ एक तृतीयांश. हे गुणोत्तर बदललं की तळदाब बदलतो. दोन प्रयोगांत माख आणि पायरी सारखी असूनही निकाल वेगळे आले, तर पहिला संशय इथे घ्या. थर शांत (लॅमिनार) आहे की प्रक्षुब्ध, हे तर त्याहून निर्णायक. शांत थर सुटल्यावर वाटेतच प्रक्षुब्ध झाला, तर त्याच्या संक्रमणाची जागा चिकटण्याच्या जागेच्या आधी आहे की नंतर, यावर दाबाचं सगळं चित्र फिरतं. चॅपमन, क्युएन आणि लार्सन यांच्या १९५८च्या नाका (नासाची पूर्वसूरी संस्था) अहवालाचा मुख्य निष्कर्ष हाच होता. म्हणून पृष्ठाच्या पुढच्या टोकाजवळ खरखरीत कणांची बारीक पट्टी चिकटवून थर मुद्दाम प्रक्षुब्ध करा आणि कडेच्या थोडं आधी पिटो नळीने (एकूण दाब टिपणाऱ्या नळीने) त्याचा आडवा छेद मोजून नोंदवून ठेवा.

टनेल चालवण्याआधी

वरच्या छेदाला सेकंदाला सुमारे २.१ किलो हवा लागते. २ घनमीटरची टाकी १० बारपासून ४ बारपर्यंत रिकामी करायची असेल तर साधारण १४ किलो हवा हाताशी आहे, म्हणजे फार तर सहा-सात सेकंद. टाकीतली हवा पसरताना गार होते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमीच. झडप उघडल्यावर दाब स्थिर व्हायला लागणारा वेळ यातून वजा करा. उरलेल्या दोन-चार सेकंदांत सगळं मोजायचं आहे.

हवा कोरडी हवी. १६७ केल्विन म्हणजे उणे १०६ अंश सेल्सिअस. ओलावा राहिला तर तो नॉझलमध्येच गोठतो, उष्णता सोडतो आणि माख व दाब दोन्ही बिघडवतो. दवबिंदू उणे ४० अंशांच्या खाली ठेवावा. छायाचित्रात धुकं दिसलं तर त्या दिवशीचे आकडे बाजूला ठेवा.

गळतीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात मी स्वतः बराच काळ अडकलो होतो. तळदाब इथे सुमारे १५ किलोपास्कल आहे आणि बाहेर वातावरणाचा दाब १०० च्या आसपास. पायरीच्या सांध्यातून, छिद्राच्या नळीतून किंवा काचेच्या कडेतून जराशी हवा आत शिरली, तरी ती थेट त्या अडकलेल्या भोवऱ्यात जाते. तराजूच्या एका पारड्यात बाहेरून वजन टाकल्यासारखं होतं आणि तळदाब वाढतो. तोफगोळ्यांचा मागचा ओढ कमी करायला तळातून मुद्दाम वायू सोडतात, ते याच तत्त्वावर. माझ्या मोजमापात तळदाब दर वेळी हिशोबापेक्षा जास्त यायचा आणि मी सिद्धांतात चूक शोधत बसलो होतो. चूक बाजूच्या काचेखालच्या गॅस्केटमध्ये होती. टनेल बंद असताना प्रत्येक सांधा निर्वात पंप लावून तपासा.

मोजमाप

पहिलं मोजमाप दाबाचं. पायरीच्या उभ्या भिंतीवर निदान तीन छिद्रं घ्या: मधोमध एक आणि दोन्ही बाजूंना एकेक. तिन्ही आकडे जुळले तर प्रवाह रुंदीभर सारखा आहे असं म्हणायला आधार मिळतो. तळावर कडेपासून पायरीच्या दहापट अंतरापर्यंत छिद्रांची ओळ घ्या, चिकटण्याच्या जागेजवळ दाट. जागा अपुरी पडली तर छिद्रं दोन ओळींत आलटून-पालटून पाडा. व्यास अर्धा ते पाऊण मिलीमीटर, आणि कडेला चुराही राहू देऊ नका.

दाबमापक निवडताना त्याचा पल्ला बघा. ७०० किलोपास्कलच्या मापकाची चूक पूर्ण पल्ल्याच्या पाव टक्का असेल, तर ती १.७५ किलोपास्कल होते. १५ च्या तळदाबावर ही चूक ११ टक्क्यांवर जाते. १०० किलोपास्कलचा निरपेक्ष मापक घेतला तर तीच चूक दीड-पावणेदोन टक्क्यांवर येते. नळ्या आखूड ठेवा. लांब बारीक नळीत कमी दाब पोहोचायला सेकंद लागतात आणि तुमच्याकडे सेकंदच मोजके आहेत. आलेख सपाट झालेला दिसला नाही, तर तो आकडा वापरू नका.

मग श्लीरेन. ऑगस्ट टोप्लर यांनी १८६०च्या दशकात घडवलेली ही पद्धत घनतेतला फरक प्रकाशाच्या वाकण्यातून दाखवते. प्रकाशाचा काही भाग अडवणारी सुरीची धार प्रवाहाला समांतर ठेवली तर बाउंडरी लेअर आणि शिअर लेअर उठून दिसतात, फिरवून प्रवाहाला काटकोनात ठेवली तर शॉक जास्त स्पष्ट होतो. दोन्ही चित्रं घ्या. प्रकाशाचा झोत एक मायक्रोसेकंदाहून मोठा नको, कारण तेवढ्या वेळात हवा अर्धा मिलीमीटर सरकते. मग कागदावरचे कोन चित्रावर ठेवा: ३० अंशांचा पहिला तरंग, १४.७ अंशांचा झुकाव, २१ अंशांचा शॉक. शॉक तळापासून थेट निघालेला दिसणार नाही. आधी बारीक दाबतरंग निघतात आणि थोड्या उंचीवर एकवटतात. कडेच्या किंचित खालून निघणारी एक फिकट रेघ दिसली तर तो लिप शॉक. कडेवर हवा गरजेपेक्षा जास्त पसरते आणि सुटताना थोडी परत दाबली जाते, त्याची ती खूण. ती प्रत्येक चित्रात दिसेलच असं नाही.

चिकटण्याची रेषा तेलाच्या लेपाने मिळते. पण छोट्या धावेत तेल सुरुवातीच्या आणि बंद होतानाच्या शॉकनेही हलतं. म्हणून घट्ट तेल वापरा आणि एक-दोन सेकंदांची धाव वेगळी घेऊन दोन्ही ठसे ताडून पाहा.

कण सोडून वेग मोजणार असाल तर कणांच्या आळसाचा हिशोब आधी करा. कणाला वेग पकडायला दोन मायक्रोसेकंद लागत असतील, तर तेवढ्यात तो मिलीमीटरभर पुढे गेलेला असतो. फॅनच्या सुरुवातीचा तीव्र फरक त्यामुळे पुसट होतो. भोवऱ्यात कण फारसे शिरतही नाहीत. साधनं मर्यादित असतील तर यावर वेळ घालवण्याऐवजी दाबाची छिद्रं वाढवा.

संगणकावर

मोफत मिळणाऱ्या ओपनफोममधला रोसेंट्रलफोम किंवा एसयू-टू यांपैकी काहीही चालेल. ओपनफोमसोबत येणारं माख ३ चं पायरीचं उदाहरण पुढे चढणाऱ्या पायरीचं आहे, आपल्या प्रश्नाचं नाही. त्याची भूमिती उलटून काम भागेल असं समजू नका.

चिकटपणा वगळून केलेलं गणितही इथे भोवरा दाखवतं आणि नवखा माणूस फसतो. तो भोवरा जाळीच्या (गणितासाठी प्रवाहाचे ज्या छोट्या पेशींत तुकडे करतात तिच्या) कृत्रिम घर्षणातून आलेला असतो, त्याचा तळदाब जाळी बदलली की बदलतो. फॅनचे कोन तपासायला असं गणित ठीक, पण तळदाबासाठी नाही.

प्रवेशाला एकसारखा वेग देऊ नका. मोजलेल्या जाडीचा बाउंडरी लेअर द्या किंवा पायरीआधीचं पृष्ठ पूर्ण लांबीने जाळीत घ्या. भिंतीलगतची पहिली पेशी आपल्या उदाहरणात साधारण २ मायक्रोमीटरची हवी. कडेच्या कोपऱ्याभोवती आणि शिअर लेअरच्या वाटेवर जाळी दाट करा. वरची भिंत खरी जिथे आहे तिथेच ठेवा.

कोपऱ्यावर गणित कोसळणं नेहमीचं आहे: दाब ऋण होतो आणि सगळं थांबतं. पहिल्या क्रमाच्या योजनेने, कूरंट संख्या (एका कालपावलात तरंग किती पेशी ओलांडतात ते सांगणारी) ०.१ ठेवून सुरू करा, प्रवाह बसला की दुसऱ्या क्रमावर जा आणि संख्या हळूहळू वाढवा. भोवरा भरायला बाहेरच्या प्रवाहापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून अवशेष (समीकरणांत उरलेली चूक, रेसिड्युअल) खाली आले एवढ्यावर थांबू नका, तळदाबाचा आलेख सपाट होईपर्यंत चालू द्या.

प्रक्षुब्धतेचं प्रारूप निवडताना एक गोष्ट विसरू नका. आपल्या शिअर लेअरच्या एका बाजूला सुमारे ५८७ मीटर प्रति सेकंद वेग आहे, दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्य. दोन्ही बाजूंच्या ध्वनिवेगांच्या बेरजेने त्याला भागलं तर संवाहक माख जवळपास १ येतो. इतक्या माखला थराची वाढ दाबनीय नसलेल्या थराच्या निम्म्याहून कमी होते. पापामोस्कू आणि रॉश्को यांनी १९८८ मध्ये हे प्रयोगाने ठळकपणे दाखवलं. नेहमीच्या दोन-समीकरणी प्रारूपांना हे आपोआप कळत नाही. ती मिश्रण जास्त दाखवतात, तराजूचं ओढणारं पारडं जड होतं आणि तळदाब सरकतो. दाबनीयतेची दुरुस्ती लावून आणि न लावून, दोन्ही गणितं करा. पण ती दुरुस्ती बाउंडरी लेअरमध्ये ढवळाढवळ करत नाही ना, हे पायरीआधीच्या वेगछेदावर तपासा.

मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणाऱ्या गणिताकडे जायचं असेल तर रुंदीही जाळीत घ्यावी लागते. त्याआधी साध्या गणिताच्या तीन जाळ्या, प्रत्येक वेळी दुप्पट दाट, पूर्ण झालेल्या असाव्यात.

तुलना कुठून करायची

पहिल्यांदा रंगीत चित्रं शेजारी ठेवू नका, ती जवळजवळ नेहमीच जुळल्यासारखी दिसतात. आधी पायरीआधीचा बाउंडरी लेअर जुळवा. तो जुळला नाही तर पुढची तुलनाच करू नका. मग तळदाब, मग तळावरच्या दाबाचा चढ, मग चिकटण्याची जागा.

तळदाब जुळला पण चढ उशिरा सुरू झाला, तर थराची वाढ तपासा. चढ जुळला पण तळदाब गणितापेक्षा वर राहिला, तर संगणक बंद करा, साबणाचं पाणी घ्या आणि पुन्हा एकदा गॅस्केट तपासायला जा.